कालपर्यंत चाललेलं विंडोज आज ‘ॲक्टिव्हेट करा’ का म्हणतंय?

तक्रारीचे शब्द ठरलेले असतात. “मागे हीच की टाकली होती, तेव्हा चालली की! आता खाली कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं आलीत आणि वॉलपेपरही बदलू देत नाही.”

असा शेवटचा फोन आला तो एका छोट्या ऑफिसातून. दोन असेंबल केलेले डेस्कटॉप, दोन लॅपटॉप. विंडोज प्रोचं एक खोकं रीतसर विकत घेतलेलं आणि त्यातल्या कार्डावरची की चारही मशीनवर टाकलेली. पहिला डेस्कटॉप लगेच ॲक्टिव्हेट झाला. दुसरा झाला. एक लॅपटॉपही झाला, चौथ्या मशीनने मात्र नकार दिला. त्याची ती पुसट अक्षरं सगळ्यांनी सोसली. पुढे पहिल्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड जळाला, नवा बसवला, आणि ज्याच्यासाठी विंडोज घेतलं होतं तेच मशीन अडून बसलं. “सर, आम्ही तर विकत घेतलंय,” असं ते वारंवार सांगत होते, आणि ते खरंच होतं. दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. बिघाड विंडोजमध्ये नव्हताच, त्यामुळे फॉरमॅटने फक्त वेळ गेला.

हा घोळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्याने. लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी. ती कुठे लिहिलेली असते? इन्स्टॉल करताना आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो त्या लांबलचक मजकुरात. की म्हणजे पाचाच्या पाच गटांतली २५ अक्षरं. ती परवानगी असल्याची खूण आहे, परवानगी नव्हे. आणि ॲक्टिव्हेशन म्हणजे ती खूण आणि तुमच्या हार्डवेअरचा ठसा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने पडताळून पाहणं. विंडोजमध्ये ही पद्धत २००१ साली एक्सपीसोबत आली. सर्व्हरला की दिसते, हार्डवेअर दिसतं. ते विंडोज कुणी, कशासाठी आणि कोणत्या कराराखाली घेतलंय हे दिसत नाही. म्हणून दोन्हीकडून फसगत होते. परवानगी नसलेलं मशीन बिनबोभाट ॲक्टिव्हेट होतं आणि परवानगी असलेलं अडतं. त्या ऑफिसात नेमकं हेच झालं होतं, तेही एकाच की-वर.

करारातलं मुख्य कलम साधं आहे: एक लायसन्स, एक मशीन, त्यावर विंडोजची एक प्रत, एका वेळी वापरणारा एक माणूस. पेनड्राइव्ह कितीही मशीनला लावा, इन्स्टॉलेशनची फाइल कितीदाही डाउनलोड करा, त्याला कुणाची ना नाही. मोजली जातात ती मशीन.

आधी हातात काय आहे ते बघा

काहीही पुसण्याआधी, काहीही विकत घेण्याआधी हे करा. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला लिहून आदेश द्यायची खिडकी) उघडून एसएलएमजीआर, म्हणजे लायसन्स हाताळणाऱ्या साधनाचं नाव, लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि डीएलआय लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). दोनतीन सेकंद काहीच होत नाही, मग एक छोटी चौकट उघडते. पहिल्या ओळीत आवृत्ती: होम, प्रो, एज्युकेशन वगैरे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘चॅनल’ या शब्दाआधी जे लिहिलंय ते महत्त्वाचं. ते ‘ओईएम’ने (मशीनसोबत आलेलं) सुरू होणारं असेल, ‘रिटेल’ (वेगळं विकत घेतलेलं) असेल किंवा ‘व्हॉल्यूम’ने (संस्थेने घाऊक घेतलेलं) सुरू होणारं. त्याखाली की-ची शेवटची पाच अक्षरं आणि लायसन्सची स्थिती. मी या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. फॉरमॅटनंतर आठवणीवर विसंबून काम करणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

इथे एक घाबरवणारी गोष्ट हमखास दिसते. दोन वेगळ्या मशीनवर शेवटची पाच अक्षरं सारखीच येतात, ३व्ही६६टी किंवा ८एचव्हीएक्स७, आणि लोकांना वाटतं आपली की कुणीतरी चोरली. तसं काही नाही. पहिली प्रोची आणि दुसरी होमची सर्वसाधारण की आहे. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या लाखो मशीनवर तीच दिसते. अशा मशीनचा हक्क त्या की-त नसून सर्व्हरवर, तुमच्या हार्डवेअरच्या ठशासमोर नोंदलेला असतो. आणखी एक गंमत म्हणजे अशा वेळी मशीन मुळात ओईएम असलं तरी चॅनल ‘रिटेल’ दिसू शकतो. म्हणून चौकट हा पुराव्याचा एक भाग समजा. दुसरा भाग म्हणजे खरेदीचं बिल.

मशीनसोबत आलेलं विंडोज

बहुतेकांचं विंडोज याच जातीचं असतं. ओईएम लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. लॅपटॉप दुसऱ्याला दिला तर लायसन्सही त्याच्यासोबत जातं. लॅपटॉप भंगारात गेला की तेही संपलं. “त्या जुन्या लॅपटॉपची की आता नव्याला वापरू, तो तर बंदच आहे” हा विचार स्वाभाविक वाटतो, पण करारात बसत नाही. उपकरण म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड धरला जातो. रॅम वाढवा, डिस्क बदला, ग्राफिक्स कार्ड बदला, काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदललात की ते नवं मशीन. मात्र तो सदोष होता म्हणून बनवणाऱ्याने वॉरंटीत बदलून दिला, तर हक्क चालू राहतो.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये की स्टिकरवर छापत नाहीत, फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅममध्येच, लिहून देतात. त्यामुळे इन्स्टॉल करताना की विचारलीच जात नाही. सेटअप ती आपली आपण वाचतो आणि आवृत्तीही स्वतःच निवडतो. यातून एक खास त्रास उद्भवतो. लॅपटॉप होमसह आलेला असतो, तुमच्याकडे प्रोचं वेगळं लायसन्स आहे, आणि सेटअप काही केल्या प्रो टाकू देत नाही. आवृत्ती निवडायचा पडदाच येत नाही. अशा वेळी पेनड्राइव्हवरच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ‘ईआय.सीएफजी’ नावाची छोटी मजकूर-फाइल ठेवून हवी ती आवृत्ती सांगता येते. त्याहून सोपं म्हणजे होम टाकू द्या, ॲक्टिव्हेट होऊ द्या आणि मग सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोची की द्या. मी हाच मार्ग घेतो. पाच मिनिटं जास्त जातात, डोकं कमी जातं.

उलटी अडचण जास्त वेळा येते. फर्मवेअरमध्ये होम, आणि कुणीतरी हौसेने प्रो टाकलेलं. मग सी००४एफ२१२ हा कोड येतो. (सगळ्या कोडांच्या आधी ०एक्स असतं, ते मी गाळतोय.) अर्थ एवढाच: हक्क एका आवृत्तीचा, टाकली दुसरीच. यावर की शोधत बसू नका. डेटा बाजूला काढा आणि योग्य आवृत्ती नव्याने टाका. प्रोवरून होमवर जायला सरळ वाट नाही.

खोक्यातलं किंवा ऑनलाइन वेगळं घेतलेलं

रिटेल लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतं, मात्र पहिल्यावरून काढून. ‘नेता येतं’ हे ऐकू येतं, ‘काढून’ हे कानाआड जातं. एसएलएमजीआरला यूपीके जोडून चालवलं की त्या मशीनवरची की निघते. पण सर्व्हरला त्याची खबर जात नाही. तिथे आधीची ॲक्टिव्हेशन नोंदलेलीच राहते. म्हणून नियमाने वागूनही नव्या मशीनवर सी००४सी००८ येऊ शकतो, म्हणजे ‘ही की परवानगीपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली आहे’. घाबरायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या मदतकक्षाशी बोला, ही की किती मशीनवर आहे असं तिथे विचारतात, ‘एकाच’ हे उत्तर खरं असेल तर वाट निघते. बिल हाताशी ठेवा.

मदरबोर्ड बदलायचा असेल तर त्याआधीच लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून आहे. बदलल्यावर सी००४एफ२११ आला की ॲक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘अलीकडे हार्डवेअर बदललं’ हा पर्याय दिसतो, तिथून जुनं मशीन निवडायचं. खातं न जोडता बोर्ड बदलून मग फोन करणारे जास्त. तेव्हा हा सोपा रस्ता बंद झालेला असतो.

जुन्या की-बद्दल एक टीप. विंडोज ७ किंवा ८ ची की विंडोज १० मध्ये टाकून काम भागवायची युक्ती बऱ्याच जणांना पाठ आहे. मोफत अपग्रेडची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती, तरी ती वाट पुढे कित्येक वर्षं उघडी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये ती बंद झाली. आधी अपग्रेड झालेली मशीन आजही ॲक्टिव्हेट राहतात. नव्याने जुनी की चालत नाही.

लॅब, वर्ग, मोठं ऑफिस

आता माझीच एक फजिती. प्रशिक्षणाची एक लॅब उभी करायची होती, ३० मशीन, सगळी एकाच बनावटीची. संस्थेकडे व्हॉल्यूम लायसन्स होतं आणि केएमएस, म्हणजे संस्थेच्याच नेटवर्कमधला ॲक्टिव्हेशन सर्व्हर, नव्याने बसवलेला. मी एक मशीन नीट सजवलं, त्याच्या डिस्कची प्रत काढली आणि उरलेल्या २९ डिस्कवर ओतली. नावं बदलली. संध्याकाळपर्यंत सगळी सुरू, आणि सगळ्यांवर सी००४एफ०३८. केएमएस म्हणत होता की पुरेशी मशीनच नाहीत.

केएमएसचा नियम असा की डेस्कटॉपवाली विंडोज असलेली निदान २५ वेगळी मशीन त्याच्याकडे आल्याशिवाय तो एकालाही ॲक्टिव्हेट करत नाही. सर्व्हर-विंडोजसाठी हा आकडा ५ आहे. माझी तर ३० होती. सर्व्हरवर मोजणी पाहिली: १. आधी फायरवॉलवर संशय घेतला, केएमएस ज्यावरून बोलतो ते १६८८ हे पोर्ट तपासलं, उघडं होतं. शेवटी शेजारशेजारच्या दोन मशीनवर एसएलएमजीआरला डीएलव्ही जोडून लांब चौकट उघडली आणि ‘क्लायंट मशीन आयडी’ ही ओळ कागदावर उतरवून घेतली. एकेक अक्षर जुळत होतं. केएमएसच्या नजरेत ते एकच मशीन तीस वेळा दार ठोठावत होतं.

प्रत काढण्याआधी सिसप्रेप हे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवायचं असतं. ते मशीनची ओळख पुसतं, मग प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवी ओळख घेते. मला ते ठाऊक होतं आणि घाई होती. त्या दिवशी प्रत्येक मशीनवर एसएलएमजीआर रीआर्म (ॲक्टिव्हेशनची ओळख नव्याने घ्यायचा आदेश), मग रीस्टार्ट, मग एटीओ (ॲक्टिव्हेट करायचा आदेश) असं करत फिरलो. मोजणी चढताना दिसत होती. २५ झाल्यावर पुढची लगेच ॲक्टिव्हेट झाली. आधीची अडलेली दर दोन तासांनी स्वतःच पुन्हा प्रयत्न करतात, तीही रात्रीपर्यंत सुटली.

पण तो तात्पुरता इलाज होता. रीआर्म केल्याने फक्त ॲक्टिव्हेशनची ओळख बदलते. मशीनचा सुरक्षा ओळख-क्रमांक, ज्याला एसआयडी म्हणतात, सारखाच राहतो. २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासूनच्या अपडेटनंतर नवी विंडोज सारख्या एसआयडीच्या मशीनना एकमेकांशी ओळख पटवू देत नाही, शेअर केलेले फोल्डर आणि रिमोट डेस्कटॉप बंद पडतात. तेव्हा जुन्या क्लोन केलेल्या लॅबमध्ये अचानक ‘पासवर्ड चुकीचा’ यायला लागलं असेल तर पासवर्डच्या मागे लागण्याआधी एसआयडी बघा. त्यावर सिसप्रेप करून नव्याने प्रती ओतण्याखेरीज दुसरा चांगला उपाय मला माहीत नाही.

केएमएसवरचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मशीन नेटवर्कवर असेल तर दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न होतो. सर्व्हर मात्र एखाद्या मशीनला ३० दिवस पाहिलं नाही की मोजणीतून वगळतो. लॅब महिनाभराहून जास्त बंद राहिली की आकडा २५ च्या खाली येतो आणि उघडल्यावर काही मशीन रुसतात. सगळी एकदम चालू करून थोडं थांबलं की गाडी रुळावर येते. छोट्या संस्थेत, जिथे २५ मशीनच नाहीत, तिथे एमएके, म्हणजे अनेक मशीनना चालणारी व्हॉल्यूमची की, बरी: एकच की, ठरावीक ॲक्टिव्हेशन, प्रत्येक मशीन एकदाच सर्व्हरशी बोलतं. तिचीही खोड आहे. फॉरमॅट मारून परत टाकलं की मोजणी पुन्हा वाढते आणि मशीन भंगारात काढलं तरी घटत नाही.

या सगळ्यात जो मुद्दा हमखास सुटतो तो तांत्रिक नाहीच. विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचं लायसन्स असतं. म्हणजे प्रत्येक मशीनवर आधी त्याचं स्वतःचं पात्र विंडोज लायसन्स असावं लागतं, त्यावर हे चढतं. रिकामी मशीन असेंबल करून त्यांवर थेट व्हॉल्यूमची इमेज (तयार डिस्कची प्रत) ओतली तर केएमएस हसतमुखाने ॲक्टिव्हेट करील, तपासणीत मात्र तेवढी लायसन्सं कमी निघतील. उलट एक सवलतही आहे. संस्थेकडे त्याच आवृत्तीचं निदान एक व्हॉल्यूम लायसन्स असेल, तर ओईएम लायसन्स असलेल्या सगळ्या मशीनवर व्हॉल्यूमच्या इन्स्टॉलेशन-फाइलमधून तीच आवृत्ती एकसारखी इमेज म्हणून टाकता येते. लॅबवाल्यांनी हे माहीत करून घेण्यासारखं आहे.

बाकी किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन, हे करारात वेगळं मशीन धरलं जातं. लॅपटॉपवर विंडोज आहे म्हणून त्यातल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये दुसरं विंडोज फुकट नाही. एकाच डिस्कवर एका लायसन्सची दोन विंडोज ठेवणंही बसत नाही. विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवायला काहीच हरकत नाही.

कवडीमोलाने मिळणाऱ्या की-बद्दल मला दरवेळी विचारतात. त्या बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या एमएके किंवा विकसकांसाठी दिलेल्या की असतात. चालतात, महिनेही चालतात, मग सी००४सी००३ येतो, म्हणजे की अडवली गेली. आणि घरच्या मशीनवर सी००४एफ०७४, म्हणजे ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही’, असा संदेश आला तर आधीच्या माणसाने व्हॉल्यूमची आवृत्ती टाकली होती हे नक्की. तुमची कुठली संस्था नाही, तेव्हा तो सर्व्हर कधीच सापडणार नाही. फर्मवेअरमध्ये मूळ की आहे का ते बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा असते आणि मालकाला पत्ता नसतो.

मॅकची गोष्ट थोडक्यात. ॲप स्टोअरमधून घेतलेलं मॅकओएस तुमच्या मालकीच्या प्रत्येक मॅकवर वैयक्तिक वापरासाठी टाकता येतं, पण फक्त ॲपलच्याच मशीनवर. साध्या पीसीवर मॅकओएस टाकून विकणाऱ्या सायस्टार या कंपनीविरुद्ध ॲपलने दावा लावला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला, २०११ मध्ये अपिलातही तोच टिकला.

लिनक्समध्ये मशीन मोजायची गरजच नाही. डेबियन, फेडोरा, उबुंटू कितीही मशीनवर टाका. मोजणी सुरू होते ती सेवेची: उबुंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत मोफत आहे, रेड हॅटचं वैयक्तिक विकसक सबस्क्रिप्शन १६ पर्यंत. सोळाहून जास्त लागली तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स या रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत लिनक्सकडे वळतात.

आता त्या चार मशीनकडे. दोन्ही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होमच्या की मिळाल्या. डेटा काढला, होम टाकलं, की न विचारता नेटला जोडताच ॲक्टिव्हेट झालं. म्हणजे त्यांना खोक्यातली की कधी लागतच नव्हती. पहिल्या डेस्कटॉपसाठी, ती की आता खरोखर एकाच मशीनवर आहे अशी खात्री करून, मदतकक्षाशी बोलणं केलं आणि प्रो सुरू झालं. उरला दुसरा डेस्कटॉप. त्याच्याकडे स्वतःचं असं लायसन्स कधीच नव्हतं. त्यावर पत्रं टाइप होतात आणि ब्राउझर उघडतो, एवढंच. त्यावर डेबियन टाकलं. प्रिंटर जोडायला मात्र मला तास गेला.